ख्रिश्चनांना ज्यूंचं राष्ट्र एवढं का हवं असतं?

मिरजकर_डॅलसवाले

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते लिहून टाकतो. आमच्या इथे ऑफिसच्या रस्त्यावर एक बॅप्टिस्ट चर्च लागतं, त्याच्या लॉनवर अमेरिकेच्या झेंड्याच्या बरोबरीने इस्रायलचा झेंडा लावलाय आणि खाली बोर्ड, जेरुसलेमच्या शांतीसाठी प्रार्थना करा. आता त्या चर्चमध्ये ज्यू औषधालाही नसणार. शेजारचे आजोबा तिथलेच, एकदम सज्जन माणूस, आमच्याकडची पुरणपोळी मागून खातात. त्यांना एकदा विचारलं की तुमचा आणि इस्रायलचा संबंध काय हो, तर आत जाऊन जाडजूड बायबल घेऊन आले आणि उत्पत्तीच्या १२व्या अध्यायातल्या ३ऱ्या वचनावर बोट ठेवलं. देव अब्राहामाला सांगतो की तुझं भलं चिंतणाऱ्यांचं मी भलं करीन आणि तुला शाप देणाऱ्यांना शाप देईन. झालं, त्यांच्या दृष्टीने विषय संपला.

माझा नाही संपला ना. ज्या धर्माने जवळजवळ दोन हजार वर्षं ज्यूंना ख्रिस्ताचे मारेकरी म्हणून हाकललं, झोडपलं, त्याच धर्मातली ही मंडळी आता ज्यूंपेक्षा जास्त इस्रायलवाली कशी झाली? २०१३ च्या प्यू (अमेरिकेतली जनमत चाचण्या घेणारी संस्था) सर्व्हेमध्ये इस्रायलची भूमी देवानेच ज्यूंना दिली असं मानणारे गोरे इव्हँजेलिकल (बायबलचा शब्द प्रमाण मानणारे, धर्मप्रचारावर भर देणारे प्रोटेस्टंट) ८२ टक्के होते आणि अमेरिकेतले खुद्द ज्यू ४० टक्के. यात श्रद्धा किती, राजकारण किती? जाणकारांनी प्रकाश टाकावा. गाझात आज काय चाललंय त्यावर इथे शेकडो प्रतिसादांचे धागे आहेत, ते भांडण कृपया तिकडेच ठेवा.

शंकासुर

एवढा मोठा निबंध कशाला, उत्तर दोन अक्षरांत. तेल. बायबल वगैरे पब्लिकला दाखवायला.

नेमस्त_नागपूरकर

शंकासुर, तेलाचा मुद्दा नेमका उलटा आहे राव. १९४८ मध्ये तेलाचा विचार करणारे सगळे इस्रायलच्या विरोधात होते. परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल (मार्शल प्लॅनवालाच) आणि त्याचं अख्खं खातं ट्रुमनला सांगत होतं की अरबांना दुखवू नका, तेल त्यांच्याकडे आहे. १२ मे १९४८ च्या बैठकीत तर मार्शलने तोंडावर सांगितलं की तुम्ही मान्यता दिलीत तर येत्या निवडणुकीत मी मत द्यायला गेलोच तर तुमच्या विरोधात देईन. आपल्याच बॉसला! तरी १४ मेला इस्रायल जाहीर झाल्यावर ११ मिनिटांत ट्रुमनची मान्यता.

का दिली? ट्रुमन बॅप्टिस्ट, लहानपणापासून बायबल पाठ असलेला, हे खरंच. पण ते निवडणुकीचं वर्ष होतं, रशिया आधी मान्यता देऊन मोकळा होईल ही धास्ती होती (त्यांनी तीनच दिवसांनी दिली), आणि युरोपातल्या छावण्यांत नाझींच्या तावडीतून वाचलेले ज्यू अजून पडून होते, त्यांना घ्यायला कुणी तयार नव्हतं, अमेरिकाही नाही. पुढे १९५३ मध्ये कुणीतरी त्याची ओळख करून देताना इस्रायल स्थापनेला मदत करणारा माणूस असं म्हणाला तर हा म्हणतो, मदत करणारा काय, मी सायरस आहे सायरस. म्हणजे ज्यूंना बाबिलोनच्या बंदिवासातून परत पाठवणारा इराणचा राजा, मराठी बायबलात कोरेश. आता निवडणूक बघून घेतलेला निर्णय पाच वर्षांनी बायबलच्या भाषेत सांगितला, की बायबल आधीपासून डोक्यात होतं म्हणून मार्शलचं ऐकलं नाही? मला वाटतं ट्रुमनला स्वतःलाही हे नीट सुटं करून सांगता आलं नसतं.

वाचनवेडी_मुग्धा

छान धागा. थोडं मागून सुरुवात करते, लांबेल, पण त्याशिवाय झेंड्याचा उलगडा होणार नाही.

जुन्या चर्चचं मत संत ऑगस्टीनपासून साधारण असं की ज्यूंनी ख्रिस्ताला नाकारलं म्हणून ते देशोधडीला लागले, त्यांचं असं विखुरलेलं राहणं हाच आपल्या धर्माच्या खरेपणाचा पुरावा, आणि बायबलात 'इस्रायल' म्हणून जी वचनं आहेत ती आता चर्चला लागू. म्हणजे ज्यूंनी परत जाऊन राज्य करायचा प्रश्नच नाही. प्रोटेस्टंट सुधारणेनंतर लोक आपापल्या भाषेत बायबल वाचायला लागले आणि काहींना वाटायला लागलं की इस्रायल म्हणजे खरोखरचं इस्रायलच की. १६२१ मध्ये हेन्री फिंच नावाच्या इंग्रज वकिलाने ज्यू परत जाणार, राज्य करणार, बाकीचे राजे त्यांना नमणार असं पुस्तक लिहिलं. राजा जेम्सला ते नमणं काही रुचलं नाही, फिंचसाहेब तुरुंगात.

खरी गाडी सुटली ती १८३० नंतर, जॉन नेल्सन डार्बीमुळे. हा प्लिमथ ब्रदरेन पंथाचा. त्याने काय केलं की देवाच्या दोन वेगळ्या योजना लावल्या, एक ज्यूंसाठी पृथ्वीवरची आणि एक चर्चसाठी स्वर्गातली. शेवटच्या काळात खरे श्रद्धावंत अचानक वर उचलले जाणार, मग सात वर्षं महासंकट, मगिद्दोजवळ हर्मगिदोनची लढाई, आणि मग ख्रिस्त परत येऊन जेरुसलेमहून हजार वर्षं राज्य करणार. पण हे सगळं व्हायला ज्यू त्यांच्या भूमीत परत आलेले असायला हवेत ना, ते नाही आले तर पुढचं घड्याळच चालू होत नाही. गंमत म्हणजे डार्बी स्वतः राजकारणापासून चार हात लांब होता, भविष्य देव घडवेल, आपण लुडबूड करू नये असं त्याचं म्हणणं.

अमेरिकेत हे घराघरांत गेलं ते स्कोफील्डच्या बायबलमुळे, १९०९, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसचं. आपल्याकडे सार्थ ज्ञानेश्वरीत ओवीखाली अर्थ छापतात तसं यात वचनाखाली डार्बीछाप टिपा. पिढ्यानपिढ्या लोकांनी तेच वाचलं, त्यामुळे मूळ वचन कुठे संपतं आणि स्कोफील्ड कुठे सुरू होतो हे कित्येकांना कळत नाही. मिरजकर, तुमच्या आजोबांचं ते जाडजूड बायबल उघडून बघा एकदा, पैज लावते.

मिरजकर_डॅलसवाले

मुग्धाताई, पैज जिंकलात. स्कोफील्डच निघालं! त्यांच्या वडिलांचं आहे म्हणे, समासात पेन्सिलने तारखा लिहून ठेवल्यात, १९४८ आणि जून १९६७. सहा दिवसांच्या युद्धात जुनं जेरुसलेम इस्रायलकडे आलं तेव्हा वडील रेडिओला कान लावून बसले होते आणि घरात सगळ्यांना गुडघ्यावर बसवून प्रार्थना केली असं सांगत होते. यहेज्केलच्या ३७व्या अध्यायात वाळलेल्या हाडांत जीव येतो ना, तो म्हणजे १९४८ असं त्यांच्याकडे सरळ शिकवतात.

मग मी धीर करून विचारलं की लढाई होणार, तुम्ही वर जाणार, मग त्या ज्यूंचं काय? थोडे घुटमळले, आणि म्हणाले की बायबलातल्या जखऱ्याच्या पुस्तकात लिहिलंय दोन तृतीयांश मरतील, उरलेले येशूला ओळखतील. मी काही बोललो नाही. मग लगेच स्वतःच म्हणाले, पण ते देवाचं काम आहे, आपलं काम प्रेम करायचं.

शंकासुर

घ्या. म्हणजे बळीचा बकरा पाळायचा आणि त्याला रोज हिरवा पाला घालायचा, प्रेमाने. आणि नेतान्याहू या मंडळींना जिगरी दोस्त म्हणतो!

नेमस्त_नागपूरकर

ज्यू काय दूधखुळे नाहीत. त्यांच्यात एक जुना जोक आहे की मसीहा आला की त्यालाच विचारू, पहिल्यांदा आलास की दुसऱ्यांदा? तोवर मदत करतायत तर करू द्या.

आणि सगळ्या इव्हँजेलिकलांना एका माळेत ओवू नका, निम्म्यांना शेवटच्या काळाचं ते टाइमटेबल धड सांगताही येणार नाही. जॉन हेगीने २००६ मध्ये टेक्सासमध्ये इस्रायलसाठी ख्रिश्चनांची संघटना काढली, आज सदस्य एक कोटीच्या वर असल्याचा त्यांचा दावा आहे, तिथे भर असतो तो आजोबांनी दाखवलेल्या वचनावर, इस्रायलचं भलं करा, तुमचं भलं होईल. ब्राझील, आफ्रिका इकडच्या पेन्टेकोस्टल चर्चमध्ये तर हेच जास्त चालतं, तिकडे कुणी डार्बीचं नाव ऐकलेलं नसतं. साओ पावलोत एका चर्चने २०१४ मध्ये शलमोनाच्या मंदिराची अवाढव्य प्रतिकृती बांधली, दगडसुद्धा इस्रायलहून आणवले. अमेरिकेने २०१८ च्या मे महिन्यात वकिलात जेरुसलेमला हलवली आणि दोन दिवसांत ग्वाटेमालाने हलवली, तिथला तेव्हाचा अध्यक्ष इव्हँजेलिकलच.

वाचनवेडी_मुग्धा

राजकारणाचं राहिलंच होतं, माझा सगळ्यात आवडता भाग.

१८४० चं लंडन. लॉर्ड अ‍ॅशली, म्हणजे पुढचा अर्ल ऑफ शाफ्ट्सबरी, गिरण्यांतल्या पोरांचे कामाचे तास कमी करायला झटला तोच. कट्टर इव्हँजेलिकल, ज्यू पॅलेस्टाइनला परत गेले पाहिजेत हा ध्यास. परराष्ट्रमंत्री पामर्स्टन, ज्याला धर्माचं फारसं सोयरसुतक नाही. आणि नातं काय, तर अ‍ॅशलीच्या विधवा सासूशी पामर्स्टनने नुकतंच लग्न केलेलं, म्हणजे सावत्र सासरेबुवा! जावई सासऱ्याकडे जेवायला जातो आणि विषय काढतो. पण डायरीत लिहून ठेवतो की या माणसाशी मला राजकारण, पैसा आणि व्यापार याच भाषेत बोलावं लागतं, जेरुसलेमसाठी याच्या डोळ्यांत काही पाणी येत नाही.

आणि पामर्स्टनला ते पटलं, कारण त्याची अडचण वेगळीच होती. इजिप्तचा महंमद अली तुर्की सुलतानाच्या उरावर बसलेला, फ्रान्स त्याच्या पाठीशी. तुर्की साम्राज्यात फ्रान्सकडे कॅथलिकांचं पालकत्व, रशियाकडे ऑर्थोडॉक्सांचं, ब्रिटनच्या हातात कुणीच नाही. मग ज्यूंना धरा. त्याने कॉन्स्टँटिनोपलच्या राजदूताला पत्र लिहिलं की सुलतानाला सांग, ज्यूंना येऊन राहू दे, पैसा येईल आणि महंमद अलीला आळा बसेल. त्यात बायबलचा शब्द नाही!

माझं मत विचाराल तर पुढे पावणेदोनशे वर्षं हेच चाललंय. श्रद्धा असणारा एक जण आणि सत्ता असणारा एक जण जेवायला बसतात, आणि श्रद्धावाला सत्तेच्या भाषेत बोलतो. दोघांपैकी एक जरी नसला तर काही होत नाही. उलटं उदाहरण बघा, १८९१ मध्ये शिकागोच्या विल्यम ब्लॅकस्टोनने अमेरिकेच्या अध्यक्षांना अर्ज दिला की रशियात ज्यूंची कत्तल चाललीय, पॅलेस्टाइन त्यांना परत द्यायची खटपट करा. ४१३ सह्या, त्यात रॉकफेलर, जे. पी. मॉर्गन आणि सुप्रीम कोर्टाचे सरन्यायाधीश! झालं काय? शून्य. तेव्हा अमेरिकेला त्या भागात काही नकोच होतं.

तात्या_विंचूरकर

वाचतोय. वाखुसा (वाचनखूण साठवली). मुग्धाताईंनी सावत्र सासरेबुवांवर वेगळा लेख लिहावा ही आग्रहाची विनंती.

इतिहासाचा_मास्तर

मुग्धाताईंच्या मुद्द्याला धरून बाल्फोरचं सांगतो, कारण आपल्याकडे बाल्फोर म्हणजे ज्यूंचा कैवारी असं समजतात. २ नोव्हेंबर १९१७ चं ते पत्र, म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला ब्रिटनचा पाठिंबा देणारा बाल्फोर जाहीरनामा, ६७ शब्दांचं. त्याच बाल्फोरने पंतप्रधान असताना १९०५ मध्ये परकीयांच्या प्रवेशाचा कायदा आणला होता, आणि तो मुख्यतः रशियातून पळून येणाऱ्या ज्यूंना ब्रिटनमध्ये शिरू न देण्यासाठी. लंडनला नको, जेरुसलेमला जा. पंतप्रधान लॉइड जॉर्ज, वेल्समध्ये चांभारकाम करणाऱ्या आणि चर्चमध्ये प्रवचन देणाऱ्या मामाकडे वाढलेला, त्याला बायबलातल्या गावांची नावं फ्रान्सच्या रणभूमीवरच्या नावांपेक्षा जास्त ओळखीची. आणि हिशोब कसला, तर सुएझ कालव्याचं रक्षण, फ्रान्सला पॅलेस्टाइनपासून लांब ठेवणं, आणि अमेरिकेतले नि रशियातले ज्यू आपल्या बाजूने येतील ही आशा.

आता मंत्रिमंडळात याला सगळ्यात जोरात विरोध कुणी केला? एडविन माँटेग्यूने, भारतमंत्री, आपल्या माँटफर्ड सुधारणांतला माँटेग्यू! मंत्रिमंडळातला एकमेव ज्यू. ऑगस्ट १९१७ मध्ये त्याने टिपण लिहिलं आणि त्याचा मथळाच असा की सध्याच्या सरकारचा ज्यूद्वेष. म्हणणं असं की उद्या तुम्ही पॅलेस्टाइन हे ज्यूंचं राष्ट्रीय घर म्हणालात की प्रत्येक देश आपल्या ज्यूंना म्हणेल, जा तुमच्या घरी. तारखा बघा, २० ऑगस्टला भारताला जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा यानेच केली, म्हणजे एकाच महिन्यात ही दोन्ही कामं. अंतिम निर्णय झाला तेव्हा स्वारी बोटीवर, मुंबईच्या वाटेवर. दुसरा शंका काढणारा कोण, तर लॉर्ड कर्झन. बंगालची फाळणी करणारा कर्झन विचारत होता की तिथे आधीच राहणाऱ्या अरबांचं काय करणार! इतर देशांतल्या ज्यूंच्या हक्कांना बाधा येऊ नये असं एक वाक्य जाहीरनाम्यात आलं ते माँटेग्यूसारख्यांच्या ओरड्यामुळे. बिगरज्यूंचे नागरी आणि धार्मिक हक्क राखू असंही आलं, पण राजकीय हक्कांचा उल्लेख नाही. तेव्हा तिथली नव्वद टक्के वस्ती बिगरज्यू होती.

वसईचा_सुकेळी

सगळे 'ख्रिश्चन ख्रिश्चन' म्हणताय म्हणून लिहितो. मी वसईचा कॅथलिक. आमच्याकडे असलं काही शिकवत नाहीत. मी आयुष्यभर मिस्साला जातोय, हर्मगिदोनचं वेळापत्रक कधी ऐकलं नाही, इस्रायलचा झेंडा तर सोडाच.

उलट व्हॅटिकनचा पहिल्यापासून विरोध. जानेवारी १९०४ मध्ये ज्यू राष्ट्राच्या चळवळीचा (झायोनवादाचा) प्रणेता थिओडोर हर्झल दहाव्या पायस पोपना भेटायला गेला तेव्हा पोपनी स्पष्ट सांगितलं की ज्यूंनी आमच्या प्रभूला ओळखलं नाही, म्हणून आम्ही ज्यू लोकांना ओळखू शकत नाही. हर्झलनेच डायरीत लिहिलंय. ज्यूंवरचा सामूहिक दोषारोप आमच्या चर्चने अधिकृतपणे काढून टाकला तो १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. आणि इस्रायलशी राजनैतिक संबंधांचा करार डिसेंबर १९९३ मध्ये. म्हणजे आपल्या नरसिंह रावांनी जानेवारी १९९२ मध्ये पूर्ण संबंध जोडले त्याच्याही नंतर!

आणि तिथल्या ख्रिश्चनांचं नाव कुणीच घेतलं नाही अजून. बेथलेहेम, बेत जाला इथले लोक अरबी बोलणारे, पहिल्या शतकापासून परंपरा सांगणारे. गॅलिलीत इक्रित नावाचं गाव होतं, पूर्ण ख्रिस्ती. नोव्हेंबर १९४८ मध्ये सैन्याने सांगितलं की दोन आठवडे बाहेर राहा, मग परत या. लोक विश्वासाने निघाले. परत येऊ देईनात म्हणून कोर्टात गेले, १९५१ मध्ये इस्रायलच्या सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी सैन्याने घरं सुरुंग लावून उडवली. चर्च तेवढं उभं आहे, लोक अजून तिथे लग्नं लावतात आणि माती द्यायला आणतात. डॅलसच्या आजोबांना इक्रित विचारा बरं. २००६ मध्ये जेरुसलेमच्या लॅटिन पॅट्रिआर्कसकट (म्हणजे तिथल्या कॅथलिकांच्या प्रमुखासकट) चार चर्चप्रमुखांनी या ख्रिस्ती झायोनवादाला खोटी शिकवण म्हणून जाहीर पत्रक काढलं होतं. अमेरिकेत किती जणांनी वाचलं देव जाणे.

अलिबागी_पांढरा_कांदा

सुकेळीभाऊ, जबरदस्त प्रतिसाद.

थोडं अवांतर. आमच्याकडे अलिबाग-रेवदंडा पट्ट्यात बेने इस्रायली, म्हणजे शनवारतेली, नवगावला जहाज फुटून आलेले अशी त्यांची परंपरा. त्यांना हिब्रू आणि जुन्या कराराची पुन्हा नीट ओळख झाली त्यात मिशनऱ्यांचा मोठा हात. विल्सन कॉलेजवाले जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण केलं होतं १८३० च्या सुमारास. मिशनऱ्यांना वाटलं, हे लवकर ख्रिस्ती होतील. झाले नाहीत. शाळेत शिकले, हिब्रू शिकले आणि आणखी पक्के ज्यू झाले. १९४८ नंतर बरेच जण इस्रायलला गेले, तिकडे दिमोना, अश्दोदला मराठी ऐकू येतं अजून.

शंकासुर

बरं, तेल मागे घेतो. पण मग अमेरिकेत १८९१ ला शून्य आणि आज एवढं वजन, मधे काय झालं? वचन तेच होतं की.

नेमस्त_नागपूरकर

हा खरा प्रश्न विचारलास. मतं झाली. आधी हे लोक राजकारण घाण मानून लांब असायचे. १९७० च्या दशकात गर्भपाताचा निकाल, शाळेतल्या प्रार्थनेवरची बंदी, चर्चच्या खाजगी शाळांचे टॅक्स यावरून पेटले आणि एकगठ्ठा रिपब्लिकन व्हायला लागले. १९७६ ला त्यांनी आपला म्हणून जिमी कार्टरला डोक्यावर घेतलं होतं, तो स्वतः सदर्न बॅप्टिस्ट, रविवारी बायबल शिकवणारा. पण तो पॅलेस्टिनींना मातृभूमी हवी म्हणाला आणि यांच्या मनातून उतरला. १९७९ मध्ये जेरी फॉलवेल या पाद्र्याने मॉरल मेजॉरिटी नावाची राजकीय संघटना काढली, त्याच्या तत्त्वांत इस्रायलला पाठिंबा होताच.

तिकडे इस्रायलमध्ये १९७७ ला मेनाकेम बेगिन पंतप्रधान झाला. त्याच्या आधीचे मजूर पक्षवाले समाजवादी, त्यांना हे पाद्री म्हणजे विचित्र प्रकरण वाटायचं. बेगिनने हेरलं की अमेरिकेत ज्यू दोनेक टक्के आणि त्यातले बहुतेक डेमोक्रॅट, हे मात्र कोट्यवधी. १९८० मध्ये फॉलवेलला जाबोटिन्स्की (जुना झायोनवादी नेता) याच्या नावाचं पदक दिलं. त्याच वर्षी इस्रायलने अखंड जेरुसलेम राजधानीचा कायदा केला, तिथे उरलेल्या वकिलाती तेल अवीवला निघून गेल्या, तर इव्हँजेलिकलांनी जेरुसलेममध्ये 'आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती वकिलात' थाटली! अजून चालू आहे, दरवर्षी ज्यूंच्या मंडपांच्या सणाला जगभरचे लोक झेंडे घेऊन मिरवणूक काढतात.

मुग्धाताईंच्या जेवणाच्या टेबलावर आता श्रद्धावाल्याच्याच खिशात मतं आहेत, त्याला दुसरी भाषा बोलायची गरजच उरली नाही. ऑगस्ट २०२० मध्ये ट्रम्प सभेत बोलूनच गेला की जेरुसलेमचं आम्ही केलं ते इव्हँजेलिकलांसाठी. पामर्स्टनने असं कधी कबूल केलं नसतं.

वाचनवेडी_मुग्धा

नेमस्त, बरोबर, फक्त एक जोडते. त्याआधी १९४० च्या दशकात अमेरिकेत ज्यू राष्ट्राच्या बाजूने उभे राहिलेले मोठे ख्रिस्ती लोक यातले नव्हतेच. राइनहोल्ड नीबूरसारखे उदारमतवादी धर्मशास्त्री, त्यांना भविष्यवाण्यांत काडीचा रस नाही, १९४२ मध्ये त्यांनी पाद्र्यांची समिती केली ती युरोपात ज्यूंचं काय चाललंय ते बघून आणि ख्रिस्ती जगाची लाज वाटून. त्याच परंपरेतली बरीच चर्चेस १९६७ नंतर पॅलेस्टिनींच्या बाजूला झुकली. इव्हँजेलिकलांच्या तरुण पिढीतही आता आधीसारखा उत्साह नाही म्हणे.

मिरजकर_डॅलसवाले

खरंय, आजोबांची नात कॉलेजात आहे, ती तो झेंडा उतरवा म्हणते. थँक्सगिव्हिंगला त्यावरून घरात बोलाचाली झाली.

ईशान्येचा_वारा

मी काही वर्षं ऐझॉलला नोकरीला होतो म्हणून एक आपल्या देशातलं सांगतो. मिझोराम-मणिपूरमध्ये बनेई मेनाशे म्हणून लोक आहेत, कुकी-मिझोंपैकीच, आपण इस्रायलच्या हरवलेल्या टोळीचे वंशज असं मानणारे. आजे-पणजे मिशनऱ्यांमुळे ख्रिस्ती झाले, बायबल वाचलं, जुना करार आपल्या जुन्या चालीरीतींशी जुळतोय असं त्यांना वाटलं आणि हे चक्क ज्यू व्हायला निघाले. २००५ मध्ये इस्रायलच्या सेफार्दी मुख्य रब्बींनी त्यांना मान्यता दिली. नेमस्त म्हणाले ती जेरुसलेमची ख्रिस्ती वकिलात यांच्या विमानभाड्याला पैसे देते, कारण टोळ्या परत येणं हीसुद्धा भविष्यवाणीच.

इकडे मिझोरामच्या चर्चचे लोक मात्र नाराज, की आमची माणसं पळवताय. माझ्या घरमालकांच्या घरातच दोन गट होते, थोरला भाऊ प्रेस्बिटेरियन चर्चचा एल्डर आणि धाकटा टोपी घालून सिनेगॉगला. जेवणात डुकराचं मटण असलं की धाकटा ताट घेऊन व्हरांड्यात.

शंकासुर

मग धाकटा गेला का इस्रायलला?

ईशान्येचा_वारा

गेला. तिकिटाचे पैसे बॅप्टिस्टांचे की आणखी कुणाचे ते त्याने विचारलं नाही. थोरला गुवाहाटीपर्यंत सोडायला गेला होता.